एक घर रिकामं

१

शनिवारी सकाळी मी नेमबाजीच्या मैदानावर जातो. मैदान म्हणजे गावाबाहेरची खडीची जुनी खाण. तिथे क्लबने लाकडी टेबलं मांडली आहेत, पंचवीस पावलांवर मातीचा बांध आहे, आणि बांधासमोर फळ्यांवर कागद लावलेले असतात. मोंटानाच्या आमच्या भागात ऑक्टोबरात असा वारा सुटतो की कागदाला चारही कोपऱ्यांत खिळे ठोकावे लागतात. थर्मासमधली कॉफी, वेंडेलची बडबड, आणि जेवायच्या वेळेपर्यंत घरी. यात भिण्यासारखं काही नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण मी भित्रा नाही आणि दारूलाही शिवत नाही.

म्हाताऱ्याचं, म्हणजे माझ्या बापाचं रिव्हॉल्व्हर मृत्युपत्राने माझ्याकडे आलं. त्याला मरून दोन वर्षं झाली. चौकशी, कागदपत्रं, सह्या यात ते इतके दिवस अडकून पडलं होतं. माझ्या नावावर झालं याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मला वाटलं. जिवंत असताना त्याने मला त्याला बोट लावू दिलं नाही. "तुझा हात घाईचा आहे, आयव्हर," हे कारण पंधराव्या वर्षी ऐकलं आणि चाळिसाव्या वर्षीही तेच. थोरली बहीण सिग्ने मात्र दर शुक्रवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल पसरून ते साफ करायची, तेल द्यायची, भरून खुंटीला लावायची. तिच्या हाताचं कौतुक ऐकत मी मोठा झालो आणि मला त्याचा वीट आला होता.

हे रिव्हॉल्व्हर जुन्या धाटणीचं आहे. प्रत्येक गोळीआधी त्याचा घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो, आणि मागे येताना तो चार वेळा वाजतो. खट, खट, खट, खट. फिरत्या चक्रात काडतुसांसाठी सहा घरं आहेत, पण आमच्याकडे भरतात पाच. कारण घोडा खाली असला की त्याचं टोक समोरच्या काडतुसाच्या बुडावर टेकलेलं असतं, आणि वरून नुसता टोला बसला तरी गोळी उडते. म्हणून एक भरायचं, एक सोडायचं, मग चार भरायची, घोडा पूर्ण ओढून अंगठ्याने हळूच खाली सोडायचा. तो बरोबर रिकाम्या घरावर येऊन बसतो. मैदानावर टेबलापाशी उभं राहून लगेच उडवायची असतील तर लोक सहाही भरतात. कमरेला लावायचं असेल तर पाचच. आमच्याकडे मुलांना जेवणाआधीची प्रार्थना नंतर शिकवतात, हे आधी. म्हातारा तर रिव्हॉल्व्हर हातात घेताना देणाऱ्याला विचारायचाच, "किती?" आणि उत्तर आलं पाहिजे, "पाच."

तर ते हाती आल्यावरच्या पहिल्या शनिवारी मी दुकानातली नवी काडतुसं घेतली आणि मैदानावरही पाचच भरली. मुद्दाम. पहिली गोळी डावीकडे खाली गेली.

"अरे, कागद समोर आहे!" वेंडेल ओरडला. तो सत्तरीचा आहे, क्लबचं फाटक त्याच्याकडे असतं, आणि दुसऱ्याचा नेम चुकला की त्याला जेवण गोड लागतं. "बापाचा नेम मृत्युपत्रात लिहिला नव्हता का?"

"वारा आहे."

"वारा मलाही आहे."

मी दात आवळून उरलेल्या उडवल्या. मूठ हातात नीट बसत होती, घोडा जड होता, आणि नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी उजवीकडे धरली की गोळी मध्याच्या जवळ जायला लागते हे मला कळायला लागलं होतं. अशा वेळी माणूस मोजत नाही. मग बाजूचं झाकण उघडून, सळईने ढकलत मी काडतुसांची एकेक रिकामी पुंगळी टेबलावर पाडली.

"सहा," वेंडेल म्हणाला.

"पाच भरली होती."

"मी म्हातारा आहे, बहिरा नाही. सहा वाजल्या."

टेबलावर सहा पुंगळ्या होत्या. पाच नव्या, पिवळ्याजर्द. सहावी जुनी, काळवंडलेली, आणि तिच्या बुडाला लाल रंग लावलेला.

२

तो लाल रंग मला ओळखू न यायला मी काही परका नाही. म्हातारा काडतुसं घरी भरायचा, आणि ओल आत जाऊ नये म्हणून प्रत्येकाच्या बुडावर आईच्या नखांचा रंग लावायचा. आई चिडायची, "माझ्या बोटांपेक्षा तुझ्या गोळ्याच जास्त नटतात." तो मेल्यावर त्या काडतुसांच्या तिन्ही पेट्या मी स्वतः नेऊन शेरीफच्या माणसाच्या हवाली केल्या होत्या. एकही मागे ठेवलं नव्हतं.

एखादं चक्रात अडकून राहिलं असेल, असं मी घरी येताना गाडीत ठरवलं. दोन वर्षं शेरीफने, मग वकिलाने तपासून, उघडून, मोजून ठेवलेल्या रिव्हॉल्व्हरात एक काडतूस अडकून राहिलं. हे मूर्खासारखं आहे हे मलाही कळत होतं, पण दुसरं काही सुचेना.

घरात मी एकटा राहतो. आई गावात वृद्धाश्रमात आहे, सिग्ने शाळेजवळ भाड्याच्या खोलीत. स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडे जाताना एक अरुंद खोली आहे, चिखलाचे बूट काढायची. तिथे डाव्या भिंतीला खुंट्या आहेत. पहिलीवर माझा कोट, दुसरीवर काही नाही, तिसरीवर म्हाताऱ्याचा पट्टा आणि होल्स्टर. रिव्हॉल्व्हर मी त्यात रिकामं करून ठेवलं. सहाही घरांतून पलीकडचा उजेड पाहिला.

मी बटाटे परतत होतो. बाहेर लख्ख ऊन होतं, रेडिओवर गुरांचे भाव चालले होते. आणि त्या खोलीतून आवाज आला.

खट.

एकच. मी गॅस बंद केला, रेडिओ बंद केला. मागच्या दाराची काच वाऱ्याने थरथरत होती, बाकी काही नाही. होल्स्टरात हात घालायला मला वाटला त्यापेक्षा जास्त वेळ लागला. घोडा किंचित, अगदी नखभर मागे ओढलेला होता. चक्र रिकामं होतं. ठेवताना मीच ओढून ठेवला असेल म्हणून मी तो खाली सोडला आणि करपलेले बटाटे खाल्ले.

बुधवारी सकाळी दोनदा वाजलं. खट, खट. या वेळी चक्रात एक काडतूस होतं. बूड लाल.

मी ते गुरांच्या तळ्यात नेऊन फेकलं. गुरुवारी दुपारी दुसरं निघालं, तेही फेकलं. मग रिव्हॉल्व्हर लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. शुक्रवारी कुलूप जसंच्या तसं होतं, आणि रिव्हॉल्व्हर खुंटीवर, होल्स्टरात होतं. मी त्याचं चक्र उघडलं नाही. मी सिग्नेला फोन केला.

३

"ते तू घेऊन जा," मी म्हणालो.

मागे भांड्यांचा खणखणाट होता. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. "काय घेऊन जाऊ?"

"बाबांचं रिव्हॉल्व्हर."

भांडी वाजायची थांबली. "तुला दिलंय ना त्यांनी."

"मला नको. डावीकडे मारतं."

"त्यांच्या हातात कधी मारलं नाही."

"हो, माहीत आहे! त्यांच्या हातात आणि तुझ्या हातात सगळं सरळच जातं. म्हणूनच म्हणतो, ने."

"आयव्हर, तुला माहीत आहे मी ते का हातात घेत नाही."

"दोन वर्षं झाली, सिग्ने. किती दिवस तोंड लपवून बसणार? उद्या हरणांचा हंगाम उघडतो. ये, भर, बिस्किटवर बस, वरच्या घळीत जा. ती घोडी नुसती खाऊन फुगली आहे."

आपल्याला हवं ते दुसऱ्याच्या भल्याचं करून सांगायची कला मला अवगत आहे. ती म्हणाली, बघते. नंतर म्हणाली, येते.

मी मनाशी हिशोब केला होता. ज्या कोणाचं वाकडं आहे त्याचं माझ्याशी आहे. तिच्याशी असायचं काही कारण नाही. तिच्याकडे ते गप्प बसेल.

४

आता ते सांगूनच टाकतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी, एका रविवारी सकाळी, म्हातारा निघाला होता. सिग्नेने खुंटीवरून पट्टा काढून दारात त्याच्या हातात दिला. त्याने विचारलं, "किती?" ती म्हणाली, "पाच." तिने शुक्रवारी स्वतः भरली होती. त्याने पट्टा कमरेला बांधला. खोगिरावर बसणारी माणसं लावतात तसं होल्स्टर डावीकडे, पोटाजवळ. बिस्किटवर खोगीर टाकलं, पाय ठेवायची लोखंडी रिकीब खोगिराच्या मुठीला अडकवली आणि घोडीच्या पोटाखालचा तंग आवळायला वाकला. रिकीब सुटली आणि सरळ घोड्यावर, रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावर पडली. गोळी मांडीत गेली. दवाखाना आमच्यापासून पस्तीस मैल आहे. पुरताना त्याच्या पायात तेच बूट होते, डाव्याच्या चवड्यावर पिवळ्या चामड्याचं ठिगळ असलेले.

शेरीफने चक्र उघडलं तेव्हा आत सहा होती.

सगळ्या तालुक्याला उत्तर मिळालं. सिग्नेने भरली, सिग्नेने पाच सांगितली, सहा निघाली. कोणी तिला तोंडावर काही बोललं नाही, आमच्याकडे तसं बोलत नाहीत. चर्चनंतरच्या कॉफीला तिच्या टेबलाशी कोणी बसेनासं झालं, एवढंच. आणि आई. सिग्ने भेटायला गेली की आई भिंतीकडे तोंड करून झोपते.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, म्हातारा गावात गेला होता आणि सिग्ने कुंपण दुरुस्त करायला. मी खुंटीवरून रिव्हॉल्व्हर काढलं आणि त्याच खाणीत गेलो. चाळीस वर्षांच्या माणसाने बापाची वस्तू चोरून आणायची, याची मला तेव्हाही लाज वाटली होती. टेबलापाशी उभा राहून सहा-सहा भरून उडवली. मग गारा सुरू झाल्या. घाईघाईने परत भरलं, पुसलं, होल्स्टरात कोंबलं. मैदानावरच्या सवयीने भरलं. किती भरली ते मला रविवारी सकाळी अंगणात त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसलो तेव्हा आठवलं.

मी सांगणार होतो. अंत्यविधीनंतर सांगणार होतो, मग चौकशी झाल्यावर, मग नाताळ झाल्यावर. सिग्ने कधी म्हणालीच नाही की माझी चूक नाही, त्यामुळे मला सांगायचं आणखी अवघड झालं.

आणि आता वकिलाने मृत्युपत्र हातात दिलं तेव्हा मी खालची तारीख वाचली. त्याच शनिवारची. म्हातारा त्या दिवशी गावात गेला होता तो हे लिहायला. 'माझं रिव्हॉल्व्हर माझा मुलगा आयव्हर याला.'

५

शनिवारी दहा वाजता सिग्ने आली. सोबत शाळेतल्या उरलेल्या दालचिनीच्या गोड पावांची पिशवी. सिग्ने वाळली होती. पट्टा खुंटीवरून मलाच काढायला लावला तिने.

"किती?" तिने विचारलं. सवयच ती.

"पाहिलं नाही."

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं, झाकण उघडलं. चक्र रिकामं होतं. मी खुर्ची ओढून बसलो. मी बरोबर होतो. तिच्याकडे ते गप्प बसत होतं.

तिने टॉवेल पसरला. माझ्या दुकानातल्या काडतुसांतून तिने एक भरलं, एक घर सोडलं, चार भरली. घोडा ओढला, चार वेळा वाजला, हळूच खाली सोडला. सगळं माझ्यासमोर, दिवसाउजेडी. मग होल्स्टर पुन्हा खुंटीला लावून ती कॉफी प्यायला बसली.

"मी आईला सांगून टाकलं," ती म्हणाली.

"काय?"

"की मीच सहा भरली असणार. मला आठवत नाही, आयव्हर. देवाशपथ, मला पाचच आठवतात. पण सहा निघाली ना? मग भरली असणारच. मी दोन वर्षं मनात भांडत होते. थकले. म्हटलं, कबूल करून टाकावं, निदान आई तोंड तरी फिरवणार नाही."

"मग?"

"मग काय. तिने परिचारिकेला हाक मारली आणि मला बाहेर काढायला सांगितलं."

मला बोलायचं होतं. शब्द तयार होते, अगदी जिभेवर. मी पाव मोडून कॉफीत बुडवला.

मागच्या खोलीतून आवाज आला. खट.

सिग्ने खिडकीबाहेर घोडीकडे पाहत होती. तिला ऐकू आलं नाही, किंवा तिने दाखवलं नाही.

खट. मग बारीक टिकटिक, चक्र हाताने फिरवताना होते तशी. थोडा वेळ काही नाही. पितळ पितळावर घासल्यासारखं झालं, आणि झाकण मिटल्याचा आवाज. मी त्या दाराकडे पाहिलं नाही. दार माझ्या उजव्या हाताला होतं, चार पावलांवर, उघडं, आणि तिथून ओठाखाली धरायच्या तंबाखूचा वास येत होता. तो वास या घरातून म्हाताऱ्याबरोबरच गेला होता.

खट.

तीन झाले. चौथा आला नाही.

"चल, ऊन आहे तोवर," सिग्ने उठली. ती त्या खोलीत गेली आणि पट्टा कमरेला बांधून बाहेर आली. तिने पुन्हा मोजलं नाही. का मोजेल? स्वतःच भरली होती, माझ्यासमोर.

मी म्हणू शकलो असतो, एकदा बघ. मी विचार केला, बघ म्हटलं तर ती विचारेल, का.

६

बिस्किटला तिने कुंपणाला बांधलं होतं. मी पायऱ्यांवर उभा राहिलो. वारा पडला होता, म्हणून मला घोडीचा श्वासही ऐकू येत होता.

सिग्नेने खोगीर टाकलं. डावी रिकीब उचलून मुठीला अडकवली. होल्स्टर तिच्याही डावीकडे, पोटाजवळ होतं; पट्टा बाबांचा, भोकंही बाबांचीच. ती तंगाच्या पट्ट्यासाठी वाकली.

घोडीने कान मागे टाकले आणि ती थिजल्यासारखी उभी राहिली.

तिच्या पोटाखालून मला पलीकडची जमीन दिसत होती. तिथे दोन बूट होते. डाव्याच्या चवड्यावर पिवळं ठिगळ, ठिगळाला ओली माती. वर खोगिराच्या मुठीपाशी रिकीब हलायला लागली. वारा नव्हता. चामड्याचा पट्टा मुठीवरून हळूहळू, बोटभर, आणखी बोटभर सरकत होता, आणि सिग्नेच्या पोटाजवळचं होल्स्टर बरोबर खाली होतं.

किती वेळ मी गप्प होतो? तुम्हाला वाटेल क्षणभर. मला माहीत आहे किती वेळ ते. पट्टा पार टोकाला येईपर्यंत मी गप्प होतो.

"सहा!" मी ओरडलो. "सिग्ने, सहा आहेत! बाजूला हो, सहा आहेत त्यात!"

ती दचकून मागे सरली. रिकीब सुटली आणि तिच्या कोपराला घासून घोडीच्या पोटावर आदळली. घोडी फुरफुरली. पलीकडे नुसती जमीन होती.

सिग्नेने रिव्हॉल्व्हर काढलं. नळी जमिनीकडे धरून तिने झाकण उघडलं आणि चक्र फिरवायला लागली. एकेका घरापाशी थांबून, माझ्याकडे न पाहता. शेवटी तिने ते उजेडापुढे धरलं.

"पाच आहेत," ती म्हणाली. "आणि एक घर रिकामं."

मी अजून घोडीच्या पलीकडची जमीन पाहत होतो.

"तुझ्यासमोर पाच भरली मी. मग सहा का ओरडलास?"

"मला वाटलं..."

"कोणालाच असं वाटत नाही, आयव्हर. मी भरताना बघितल्यावर तर नाहीच." ती आता माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी जुळत गेलं. तो शनिवार, कुंपण, गारा, ओले होऊन दाराशी पडलेले माझे बूट. ती विसरणारी बाई नाही. "त्या शनिवारी तू कुठे होतास?"

माझ्या मागे, रिकाम्या स्वयंपाकघरात, चौथा खटका वाजला. रिव्हॉल्व्हर माझ्यासमोर तिच्या हातात होतं, आणि खटका मागे वाजला.

"खाणीत," मी म्हणालो. मी मागे न वळता, भराभर बोललो. "मी नेलं होतं. मी भरली. सहा मी भरली, सिग्ने."

ती रडेल असं मला वाटलं होतं. मारेल असंही वाटलं. तिने फक्त मान हलवली, दोन-तीन वेळा, आणि पायऱ्या चढून आली. रिव्हॉल्व्हर मुठीकडून माझ्यापुढे धरलं.

"धर. ते तुझं आहे. आणि आत जाऊन आईला फोन लाव. मी नाही सांगणार, तूच सांगायचंस."

मी हात पुढे केला. घेताना विचारायचं असतं ते माझ्या तोंडून आलं नाही. तिनेच न विचारता सांगितलं, त्या रविवारी दारात सांगितलं होतं त्याच आवाजात.

"पाच."

मग ती घोडीला घेऊन निघून गेली, पायीच, मागे न पाहता. मी उंबऱ्याशी उभा राहिलो. फोन आत, भिंतीवर, त्या खोलीच्या दाराशेजारी आहे. रिव्हॉल्व्हर हातात गरम लागत होतं, कोणीतरी आत्ताच सोडलं असावं तसं. लहानपणी शिकवलेलं हात विसरत नाहीत. मी झाकण उघडलं आणि चक्र फिरवलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सगळी नवी, पिवळी.

सहाव्याचं बूड लाल होतं. रंग अजून ओला होता, आणि माझ्या अंगठ्याला लागला.